मॅट्रिकच्या दाराबाहेर

माझे वडील मुंबईतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिक्षण मराठी सहावी. पण अक्षर असे, की चाळीतली लग्नपत्रिकांची पाकिटे त्यांच्याकडून लिहून घेतली जात. आणि शुद्धलेखनाची नजर अशी, की पदवीधर मुद्रितशोधकांच्या हातून निसटलेल्या चुका ते खिळे जुळवता जुळवताच, कोणाला न सांगता, दुरुस्त करून टाकीत. पुढे मुद्रितशोधकाची एक जागा रिकामी झाली. वडिलांनी अर्ज केला. मालक भला माणूस होता. तो म्हणाला, “तुमच्या कामाविषयी प्रश्नच नाही हो, पण या जागेला मॅट्रिक लागते.” वडील घरी आले, पाय धुतले, जेवले, आणि आईला एवढेच म्हणाले, “पोराला हायस्कुलात घालायचे.” त्या दिवशी घरात या विषयावर दुसरा शब्द निघाला नाही.

‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द मी प्रथम ऐकला तो त्या सुमारास. आता तो मागे पडला आहे. पण दोन-तीन पिढ्या महाराष्ट्रात या एका शब्दाने माणसाची नोकरी, पगार, लग्नाच्या बाजारातली किंमत आणि कधी कधी घरातले ताट-पाटाचे स्थानसुद्धा ठरविले. ‘मॅट्रिक फेल’ हीदेखील त्या काळी एक पदवीच होती. माणूस परीक्षेपर्यंत पोचला होता, एवढे तरी तीवरून सिद्ध होई! ही भिंत उभी कशी राहिली, तिच्या बाहेर राहिलेल्या माणसांनी आपला चरितार्थ कसा साधला, आणि त्यांतल्या काहींनी भिंतीपेक्षा उंच अशी कामे कशी उभी केली, याचा थोडा मागोवा घ्यावा असे फार दिवस मनात होते.

दाखल्याच्या आधीचे जग उमेदवारीचे होते. आज उमेदवार म्हटला की निवडणूक आठवते. जुन्या मराठीत उमेदवार म्हणजे उमेद धरून बसलेला माणूस: कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी काम करणारा, आज ना उद्या आपली वर्णी लागेल या आशेने मोडी अक्षर घोटणारा, वहीखाते समजून घेणारा, वरिष्ठांची कामे करणारा. सोनाराकडे, सुताराकडे, वैद्याकडे, गवयाकडे हीच रीत. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की कोणाच्या तरी हाताखाली द्यायचा. तो आधी झाडलोट करी, मग हत्यारे पुसून ठेवी, मग गुरूच्या हातांकडे पाहत बसे, आणि एके दिवशी गुरू म्हणे, “आता तू कर पाहू.” हीच त्याची परीक्षा. तिला तारीख नव्हती, शुल्क नव्हते आणि नापास झाल्याची यादीही छापून येत नव्हती.

या व्यवस्थेचे पोवाडे गाण्याचा मोह होतो. पण तो आवरावा हे बरे. उमेदवार म्हणून बसायला मिळे कोणाला? ज्याचा मामा कचेरीत असे त्याला. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी होई, सुताराचा सुतार. आणि ज्याच्या बापाला गावात काहीच नव्हते, त्याच्या मुलाने उमेद तरी कशाची धरावी? हा मुद्दा मनात ठेवून पुढे जाऊ, कारण या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे.

१८५७ साली मुंबईत दोन दारे उघडली. एक विद्यापीठाचे आणि दुसरे सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून निघालेल्या कलाशाळेचे. विद्यापीठाच्या दारात १८५९ साली प्रवेशपरीक्षा बसली, तीच मॅट्रिक्युलेशन. पहिल्याच परीक्षेत उतरलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे, इतकाच. म्हणजे ही परीक्षा कॉलेजात जाणाऱ्यांसाठी होती; नोकरीसाठी नव्हती. परंतु सरकारी खात्यांना, रेल्वेला आणि व्यापारी पेढ्यांना इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनांची गरज होती, आणि शेकडो अर्जांतून दहा निवडण्यासाठी एक तयार चाळणी हवी होती. ती विद्यापीठाने आयतीच पुरविली. कॉलेजचे तोंडही न पाहणाऱ्या हजारो मुलांच्या आयुष्याचा निकाल मग कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेवर लागू लागला.

मराठी शाळेची वाट वेगळी होती. तिथल्या वरच्या इयत्तेची परीक्षा उतरले की प्राथमिक शिक्षक होता येई, खालच्या सरकारी नोकरीत शिरता येई. पुढे हीच ‘व्हर्नाक्युलर फायनल’ किंवा नुसती ‘फायनल’ म्हणून घरोघरी माहीत झाली. या लहानशा दाखल्याची किंमत काय होती, हे धोंडो केशव कर्व्यांच्या बालपणीच्या एका हकीकतीवरून कळते. १८७५ साली मुरूडचा हा मुलगा मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठी डोंगर ओलांडून साताऱ्याला पायी गेला. अंतर सुमारे ११० मैल. पावसापाण्यातून, थकलेल्या पायांनी परीक्षेच्या जागी पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठविले! वय तर पुरे होते. शरीर तेवढे लहानखुरे. पुढच्या वर्षी ती परीक्षा ते कोल्हापुरास उतरले, आणि मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेवीस वर्षांचे असताना. ज्या दाखल्यासाठी पोर शंभर मैल चालते, तो दाखला कागद राहिलेला नसतो. ती घराण्याच्या पोटापाण्याची सनद झालेली असते.

तथापि मुंबईत अशाही जागा होत्या जिथे ही सनद कोणी विचारीत नव्हते. त्यांतली पहिली म्हणजे छापखाना. मराठी मुद्रणाच्या आरंभीच गणपत कृष्णाजींसारखा कारागीर आपल्या हिकमतीने छापयंत्र उभे करून १८३१ साली पंचांग छापतो, हे तर विद्यापीठाच्या कितीतरी आधीचे. पण आपल्या विषयाला अधिक जवळचे चरित्र आहे ते जावजी दादाजींचे. जन्म १८३९. घरची गरिबी. दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा २ रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला लागला. ओतलेल्या शिशाच्या खिळ्याला कडेने जी खर राहते, ती घासून काढायची. नाहीतर खिळे एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत आणि ओळ हलते. काम कंटाळवाणे आणि हात काळे करणारे. पण त्याच ओतशाळेत टॉमस ग्रॅहॅम हा नागरी अक्षरांचा जाणकार होता, आणि ठसा कसा कोरावा, साचा कसा बनवावा, रस किती तापवावा हे सारे समोर चालले होते.

नागरी खिळ्यांचे काम रोमनपेक्षा किती अवघड, हे जुळाऱ्याच्या मुलाला सांगायला नको. रोमन लिपीचे काम थोडक्या घरांत भागते. नागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि शेकडो जोडाक्षरे; त्यांतली काही अक्षराच्या डोक्यावर, काही पायाशी. एक ओळ बांधायची म्हणजे तीन मजली इमारत बांधणे. जरा हलले की मात्रा एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाते आणि अर्थाचा अनर्थ होतो. हे शास्त्र कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हते. जावजींनी ते ‘इंदुप्रकाश’सारख्या छापखान्यांत नोकऱ्या करीत पुरे केले, १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू हा कुशल ठसे कोरणारा सोबती त्यांना लाभला होता. १८८६ पासून त्यांनी ‘काव्यमाला’ काढली. संस्कृत ग्रंथ निर्णयसागरी अक्षरांत छापलेला असला की तो वाचनीय असणारच, अशी ख्याती दूरदूरच्या पंडितांत झाली. १८९२ साली जावजी वारले. खिळे घासणाऱ्या पोराने उभ्या केलेल्या छापखान्याची पुस्तके पदवीधरांनी अभ्यासिली, परीक्षा दिल्या आणि ते एम्. ए. झाले. जावजींना शाळेचा दाखला कोणी विचारल्याचे कोठे नमूद नाही.

१८५७ च्या दुसऱ्या दाराची कथाही अशीच आहे. कलाशाळेत बोटांची तयारी पाहिली जाई. १८८५ साली तिथे दोन मुलगे दाखल झाले. एक धुंडिराज गोविंद फाळके. पुढे बडोद्याच्या कलाभवनात जाऊन त्यांनी छायाचित्रण वगैरे विद्या घेतल्या आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दुसरे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन रमेना. थोरले बंधू रामूअण्णा यांनी आधार दिला म्हणून तो मुंबईला आला. आणि इथे दैवाने थट्टा केली. मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत, असे निघाले! चित्रकाराचा मार्ग बंद झाला. त्याने यांत्रिक रेखाटन हाती घेतले, आणि मॅट्रिकच्या वाटेला न गेलेला हा तरुण व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. पण बढतीची वेळ आली तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला गेली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले.

बेळगावात सायकलींचे दुकान होतेच. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत, रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना बसायला शिकवीत. त्यातून कडबा कापण्याची यंत्रे निघाली, लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर विकता विकता नाकी नऊ आले. त्यातच नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करावयास सांगितले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाचा माळ दिला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

या वाडीची एक गोष्ट मला कारखान्यापेक्षाही मोलाची वाटते. तिथे जमलेली माणसे कोण होती? शंभूराव जांभेकर हे शिक्षण अर्धवट सोडलेले. पण यंत्राच्या कामात विलक्षण. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले. कल्पक यंत्रज्ञ निघाले. के. के. कुलकर्णी हे अभ्यासात न चाललेले, खोडकर म्हणून गाजलेले. त्यांनी व्यवस्थापन आणि कोर्टकचेऱ्यांची कामे सांभाळली. रात्रीच्या पहाऱ्याला दरोड्याच्या आरोपाखाली शिक्षा भोगून आलेली माणसे होती आणि त्यांनी विश्वास राखला. परीक्षेने टाकलेल्या माणसांचा हा जणू मेळाच होता! लक्ष्मणरावांनी त्यांना निवडले ते दयेपोटी नव्हे. स्वतः त्याच वाटेने आल्यामुळे, माणसाचे हात आणि डोळे पाहून त्याची लायकी ओळखण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. दाखला मागणाऱ्या मालकापाशी ती बहुधा नसते. म्हणून तर त्याला दाखला लागतो.

कोल्हापुरात याच सुमाराला आणखी एक शाळा भरत होती. तिच्या दारावर पाटी नव्हती. बाबूराव आणि आनंदराव हे मिस्त्री घराण्यातले दोघे भाऊ नाटकांचे पडदे रंगवीत, आणि लोक त्यांना पेंटर म्हणत. सिनेमाचे वेड लागल्यावर त्यांनी कॅमेरा स्वतःच बनविण्याचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पुरा केला. भांडवल आले ते तानीबाई कागलकर या गायिकेकडून. १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ झळकला.

त्याच वर्षी कंपनीत एक पोरगा आला. जेमतेम शाळा शिकलेला. हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात आणि मग सिनेमाच्या तंबूत पडेल ते काम केलेला. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांची ओळख त्याला उपयोगी पडली. कंपनीत तो झाडलोटीपासून नटाच्या कामापर्यंत सर्व करीत राहिला. हा शांताराम वणकुद्रे. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्याने ‘प्रभात’ काढली. १९३३ साली प्रभात पुण्यास आली. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. पडदे रंगवता रंगवता वाढलेल्या माणसांनी हे केले. त्यांचे विद्यापीठ म्हणजे बाबूराव पेंटरांचे अंगण.

आता इथेच निबंध संपविता आला असता, आणि वाचकांनाही गोड वाटले असते. दाखल्यावाचून माणसे मोठी होतात. मुलांनो, परीक्षेला भिऊ नका! पण इतिहास इतका सोपा नाही. ज्यांची नावे राहिली ती दहा-वीस माणसे. ज्यांची राहिली नाहीत त्या लाखांचे काय झाले, ते पाहण्यासाठी गिरणीच्या फाटकाशी जायला हवे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढल्या पन्नास वर्षांत रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचे लोंढे गिरणगावात आले. तिथे मॅट्रिक कोणी विचारीत नव्हते, फायनलही नाही. पण काहीच विचारीत नव्हते असे नाही. कामावर घेण्याचा अधिकार जॉबरचा. त्याला दस्तुरी द्यायची, त्याच्या गावचा किंवा नात्याचा माणूस मध्ये घालायचा. मग बदलीचे काम मिळे. सकाळी फाटकापाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नाहीतर रित्या हाताने खोलीवर परतायचे. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदलीवाल्यांची नोंद ठेवण्याची पद्धत आणली, तोपर्यंत माणसाचे नशीब जॉबरच्या मुठीत होते; आणि नंतरही ते पुरते सुटले नाही.

त्याहूनही कडू गोष्ट वेगळीच आहे. कापड विणण्याच्या खात्यात पगार अधिक. पण त्या खात्यात अस्पृश्य समाजाच्या कामगारांना घेत नसत. कारण असे सांगितले जाई, की धोट्याच्या भोकातून धागा काढताना तो तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड्यावर आणला. म्हणजे पाहा: ज्या ठिकाणी दाखला लागत नव्हता, तिथे जात लागत होती. मॅट्रिकचा कागद दाखवून भांडता तरी आले असते. जन्माचा कागद कोठून बदलून आणणार?

याच आंबेडकरांची १९०७ सालची एक संध्याकाळ इथे आठवावी. एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनासाठी सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. मॅट्रिकच्या परीक्षेसाठी सभा! सुखवस्तू घरात अशा प्रसंगी पेढे वाटीत, एवढेच. पण ज्यांच्यासाठी कोणत्याही कचेरीत मामा बसलेला नव्हता, कोणत्याही दुकानात उमेदवारीची जागा नव्हती, त्यांना हा दाखला म्हणजे पहिला असा कागद होता, की ज्यावर बापाचा धंदा न पाहता गुण मांडलेले होते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून टाकली आणि पगारी तलाठी आणले. तिथेही तत्त्व हेच. जन्माने मिळणारी लेखणी परीक्षेने मिळावी.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच. ज्या बालविधवेला माहेरी-सासरी दोन्हीकडे पोळपाट-लाटणे एवढीच जागा उरे, तिला मराठी शाळेच्या परीक्षेने मास्तरीणबाई केले. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून अशा कितीकींना हाताशी धरले. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका. मॅट्रिकपर्यंत या पोचल्या नव्हत्या. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतःच्या सहीने पगार घेणारी बाई घरात वेगळ्या आवाजात बोलू लागते, हे त्या घरांनी पाहिले. उमेदवारीच्या जुन्या जगात या बायकांना बसायला पाटसुद्धा मिळाला नसता.

हे दोन्ही धागे एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आले. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाहीत. साताऱ्यास शिकवण्या करून त्यांनी पोट भरले. लोक ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. मग ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. एका नॉन-मॅट्रिक माणसाने बनविलेला नांगर दुसरा नॉन-मॅट्रिक माणूस विकीत होता, असे म्हटले तरी चालेल. हा विक्रेता चांगला होता. नांगर खपत होते. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. याच वाटेने ते गेले असते तर एखादा कारखाना त्यांच्या नावावर दिसला असता.

पण नांगर विकताना या माणसाने शेतकऱ्याची पोरे पाहिली. आपल्याला दाखल्यावाचून काम मिळाले, ते कशाच्या बळावर, हे भाऊरावांना चांगले ठाऊक असले पाहिजे. आडदांड प्रकृती, बोलण्याची हातोटी, पाटील घराण्याचे नाव, आणि कोल्हापूरच्या दरबाराच्या सावलीत काढलेले दिवस. धनगराच्या, रामोशाच्या, महाराच्या पोराजवळ यांतले काय होते? म्हणून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह आणले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव दिले गेले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही रीत तिथे रुजली. मुलगा सकाळी शेतात किंवा विहिरीच्या कामावर राबे आणि मग वर्गात बसे.

‘कमवा आणि शिका’ या तीन शब्दांत सगळा वाद मिटतो. उमेदवारीतला हात आणि परीक्षेतले डोके, दोन्ही एकाच मुलाचे. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट्. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते वारले. ज्याने स्वतः मॅट्रिकचे दार ओलांडले नाही, त्याने इतरांसाठी ती भिंत पाडण्याऐवजी तिला शेकडो दारे पाडली. मॅट्रिकवाचून मोठ्या झालेल्या माणसांत मला त्यांचे स्थान सर्वांत वरचे वाटते, ते या कारणासाठी. आपण दाखल्यावाचून तरलो, तेव्हा तुम्हीही तराल, असे त्यांनी कोणाला ऐकविले नाही.

पुढची कथा थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. मंडळाची पहिली एस्. एस्. सी. १९४९ साली झाली. अकरावीची ती परीक्षा १९७५ पासून दहावीवर आली. १९५० साली कारागिरांच्या प्रशिक्षणाची सरकारी योजना निघाली आणि आय्. टी. आय्. हे नाव गावोगावी पोचले. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. शब्द पाहा: शिकाऊ उमेदवार! जुना उमेदवार कायद्याच्या पुस्तकात परतला. आता त्याला विद्यावेतन ठरले आणि मामाची गरज निदान कागदावर तरी उरली नाही. रात्रशाळा चालल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय झाली, १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले आणि शाळा सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीची वाट ठेवली.

याच काळात दोन लेखक गिरणगावातून वर आले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले, असे सांगतात. १९५९ च्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. दुसरे नारायण सुर्वे. रस्त्यावर सापडलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने वाढविले. हमाली, गिरणी, शिपाईगिरी असे करीत त्यांनी प्रौढ वयात मराठी सातवीची परीक्षा दिली आणि ते महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा पहिला काव्यसंग्रह आला. पुढे त्यांच्या कविता विद्यापीठांतून लागल्या. एवढा मोठा कवी, पण घर चालविण्यासाठी त्याला सातवीचा तो दाखला लागलाच, हे विसरू नये.

मग या साऱ्यातून निष्पन्न काय? एक तर हे, की दाखल्यावाचून जे वर आले त्यांच्या मागे नेहमी काहीतरी होते: एखादी ओतशाळा, एखादे अंगण, एखादा रामूअण्णा, एखादा मावसभाऊ. एकटा माणूस आपल्या हिमतीवर वर आला, ही कथा जवळून पाहिली की बहुधा दोन-चार माणसांची निघते. दुसरे असे, की दाखला हा अन्यायही आहे आणि न्यायही. ज्याच्या बोटांत कसब आहे त्याला तो दाराबाहेर ठेवतो, आणि ज्याच्या बापाला दारात उभे करीत नव्हते त्याला आत घेतो. या दोहोंपैकी एकच बाजू सांगणारा माणूस स्वतः दाराच्या कोणत्या बाजूला जन्मला, हे विचारून घ्यावे.

माझे वडील या दोन्ही बाजू जाणत होते असे आता वाटते. त्यांनी मालकावर राग धरला नाही. त्याच छापखान्यात पुढे बारा वर्षे खिळे जुळविले, आणि नव्या मुद्रितशोधकाच्या चुकाही पूर्वीसारख्याच मुकाट्याने दुरुस्त केल्या. मी शालान्त परीक्षा उतरलो तेव्हा कॉलेजच्या अर्जावर ‘पालकाचे शिक्षण’ असा एक रकाना होता. मी तो रिकामाच ठेवला होता. वडिलांनी अर्ज वाचला, माझ्या हातून टाक घेतला आणि त्या रकान्यात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ‘मराठी सहावी’ असे लिहिले. मग वर पाहून म्हणाले, “रकाना मोकळा सोडू नये. ओळ हलते.”